शिकाऊ हात आणि रुग्णाचे शरीर

गेल्या हिवाळ्यात पित्ताशयातील खड्यांनी आम्हांस असे काही सतावले की, कुपात होलीमच्या डॉक्टरांनी शेवटी शस्त्रक्रियेची चिठ्ठी लिहून दिली. शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही करावी लागते, हे सर्वांस ठाऊक आहेच. आपल्यापैकी बहुतेक जण ते न वाचताच सही ठोकतात. आम्हीही तेच केले असते; परंतु सोबत आलेल्या कन्येने हिब्रूतील तो सर्व मजकूर वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगण्याचा चंग बांधला. मध्येच एक ओळ आली. ज्येष्ठ सर्जनच्या देखरेखीखाली, प्रशिक्षण घेत असलेले डॉक्टर ही शस्त्रक्रिया अंशतः किंवा पूर्णतः करू शकतील, असा तिचा आशय होता. आमच्या मंडळींनी तेथेच हात वर केला. "अहो, शिकाऊ न्हावी नि आपलं डोकं, असला प्रकार दिसतोय हा. सही करू नका."

सही केली की नाही, ते पुढे येईलच. परंतु त्या एका ओळीने आम्हांस विचारात पाडले, आणि पुढील काही आठवडे, शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहात असताना, आम्ही या विषयावर मिळेल ते वाचीत बसलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. यात वैद्यकशास्त्र थोडे आहे, यंत्रांचीही माहिती आहे. परंतु मूळ प्रश्न साधा आहे. सर्जनने आपली कला शिकावयाची ती कोणाच्या शरीरावर?

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे आपल्या मुलाबाळांनाही आता पाठ आहे. त्या धंद्यात मुलगा बापाच्या शेजारी उभा राहून शिके. त्याची चूक झाली तर तेल सांडे, फार तर बैल बुजे. पुढे मुंबईस आल्यावर आपल्यातील कित्येक जण सुतार झाले, गवंडी झाले. तेथेही शिकाऊ हाताने बिघडविले ते लाकूड किंवा चुना. शस्त्रवैद्याचे मात्र तसे नाही. त्याचे लाकूड म्हणजे जिवंत माणूस.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या सर्जनने तरुण डॉक्टरांना पायरीपायरीने जबाबदारी देत घडविण्याची पद्धत बसविली. तीच पुढे जगभर रूढ झाली. तिचे सार डॉक्टर मंडळी थट्टेने तीन वाक्यांत सांगतात: एक पाहा, एक करा, एक शिकवा. या पद्धतीने जगाला थोर सर्जन दिले, हे नाकबूल करता येणार नाही. परंतु जो पहिला 'एक करा' असे, तो रुग्ण कोण होता? बहुधा तो धर्मार्थ रुग्णालयातील गरीब मनुष्य असे. मुंबईत उमरखाडी, डोंगरी, मांडवी या भागांत वाढलेल्या आमच्या पिढीला हे निराळे सांगावयास नको. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय हेच आमचे दवाखान्याचे जग होते. एका खाटेभोवती दहा विद्यार्थी उभे राहात, आणि प्रत्येक जण पोट दाबून पाही. उपचार जवळजवळ फुकट मिळत; त्याचे मोल रुग्ण अशा रीतीने चुकवी. कोणी तक्रार करीत नसे. करावी कोणाकडे?

पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेत निदान एक सोय होती. गुरू समोर उभा असे, दोघांचे चार हात एकाच जखमेत असत, आणि शिष्याचा हात चुकू लागला की गुरू त्याचे मनगट धरू शके. ही सोय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून घेतली.

पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1985 साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केली. 1987 साली फ्रान्समधील लिआँ शहरी फिलीप मूरे यांनी तिला नवे वळण दिले, आणि पाहता पाहता ती जगभर पसरली. हिंदुस्थानात ती प्रथम केली डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी, 1990 साली, आणि तीही आपल्या जे. जे. रुग्णालयात. ही गोष्ट वाचली तेव्हा आमचा ऊर उगीच भरून आला, हे कबूल केले पाहिजे.

रुग्णाच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया म्हणजे वरदान. वीतभर चिरेऐवजी तीन-चार लहान छिद्रे. दहा दिवसांऐवजी एक-दोन दिवसांत घरी. परंतु सर्जनच्या दृष्टीने ती नवीच विद्या होती. डोळे पोटाकडे नसून पडद्याकडे. पडद्यावरील चित्र सपाट, त्याला खोली नाही. हातात फूटभर लांब दांडीची हत्यारे, आणि ती पोटाच्या भिंतीतील छिद्रातून आत गेलेली. छिद्र हा टेकू झाला, म्हणून हात उजवीकडे नेला की आतील टोक डावीकडे जाते; हात खाली दाबला की टोक वर उचलते. रेवदंड्याच्या खाडीत ज्याने होडी हाकली असेल त्याला हे झटकन समजेल. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलावा तेव्हा होडी उजवीकडे वळते. प्रथम हात धरणारा हमखास उलट करतो.

1991 साली अमेरिकेतील दक्षिणेकडील सर्जनांच्या एका मंडळाने अशा 1518 शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यातील एक आकडा मनात घर करून राहातो. प्रत्येक सर्जन-गटाच्या पहिल्या 13 रुग्णांमध्ये पित्तवाहिनीला इजा होण्याचे प्रमाण शेकडा 2.2 होते, त्यानंतरच्या रुग्णांमध्ये ते शेकडा 0.1 वर आले. पित्तवाहिनीची इजा म्हणजे साधी बाब नव्हे. तिच्यामुळे मनुष्य पुन्हा पुन्हा टेबलावर जातो, कधी यकृतच निकामी होते. म्हणजे पहिल्या तेरांत तुमचा क्रमांक लागला की चौदावा लागला, यावर तुमचे नशीब ठरावयाचे. आणि ते सर्जन काही नवशिके नव्हते; पोट उघडून पित्ताशय काढण्यात त्यांची हयात गेली होती. नवीन होते ते हत्यार.

येथे आमच्या लेखाचा नायक प्रवेश करतो, आणि गंमत अशी की तो सर्जन नाही. अँथनी गॅलहर हे उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. माणूस हाताची कौशल्ये कशी शिकतो, मेंदू कोठे अडखळतो, हा त्यांचा अभ्यासविषय. दुर्बिणीची शस्त्रक्रिया कुशल सर्जनांनाही का जड जाते, हे कोडे त्यांच्यापुढे आले. वर सांगितलेल्या उलट्या हालचालीवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि 1998 साली ते प्रसिद्ध केले. अडचण हातात नसून हात आणि डोळा यांच्या विसंवादात आहे. हा विसंवाद मेंदूने सरावाने पचवावा लागतो. तो आपोआप होण्याइतका सराव झाल्याशिवाय सर्जनचे लक्ष रुग्णाकडे मोकळे होत नाही. मोटार शिकताना गिअरकडे लक्ष असलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, तसेच हे. मग हा सराव करावयाचा कोठे?

सराव-यंत्रांची कल्पना वैमानिकांकडून आली. एडविन लिंक हा अमेरिकन तरुण, पियानो व ऑर्गन बनविणाऱ्याचा मुलगा. ऑर्गनचे भाते वापरून त्याने 1929 च्या सुमारास जमिनीवरच डोलणारे एक खोटे विमान तयार केले. लोकांनी ते जत्रेतील पाळण्यासारखे करमणुकीचे साधन मानले. 1934 साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले, आणि वाईट हवेत, धुक्यात वैमानिक एकापाठोपाठ एक मृत्यू पावले. तेव्हा कोठे सैन्याने त्याची सहा यंत्रे विकत घेतली. वैमानिक चुकला तर स्वतः मरतो, म्हणून विमानविद्येने ही युक्ती लवकर उचलली असावी, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

शस्त्रवैद्यकात ही हाक प्रथम मोठ्याने देणाऱ्यांत रिचर्ड सटावा हे अमेरिकन सैन्यातील सर्जन होते. व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हा शब्द नुकताच कानांवर पडू लागला होता. संगणकाने रचलेले पोट, त्यात संगणकानेच रचलेले यकृत व पित्ताशय, आणि त्यावर शिष्याने मनसोक्त हात चालवावा, असे चित्र सटावा यांनी 1993 साली एका निबंधात मांडले. त्या वेळचे संगणक लक्षात घेता ते पोट बालवर्गातील चित्रासारखे दिसे. पुष्कळ सर्जन हसले. खेळण्याने कोणी सर्जन होतो काय?

ब्रिटनमध्ये त्याच दशकात मिस्ट-व्हीआर नावाचे एक यंत्र तयार झाले. त्याची रचना वाचून आम्हांस आश्चर्य वाटले. त्यात यकृत नाही, रक्त नाही, डोक्यावर चढवावयाचा चष्माही नाही. एक साधा टेबलावरचा संगणक आणि त्यास जोडलेल्या दोन खऱ्या दांड्या. पडद्यावर एक गोळा दिसतो. तो एका चिमट्याने उचलावा, दुसऱ्या चिमट्याकडे सोपवावा, एका पेटीत ठेवावा. कधी पायाने कळ दाबून ठराविक बिंदू डागावा, आणि भलतीकडे डाग लागू देऊ नये. बस्स, एवढेच. यंत्र प्रत्येक हालचाल मोजते: किती वेळ लागला, हात किती भटकला, किती चुका झाल्या. दिसावयास पोरखेळ, परंतु हात आणि डोळा यांचा तो विसंवाद त्यात पुरेपूर होता, आणि गॅलहर यांच्या मते मुद्दा तोच होता.

हसणाऱ्यांना उत्तर मिळाले ते 2002 साली. अमेरिकेतील येल विद्यापीठात सर्जन नील सिमूर, गॅलहर, सटावा आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग केला. तो आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यातील प्रत्येक पायरी पाहण्याजोगी आहे.

शस्त्रक्रिया शिकत असलेले 16 निवासी डॉक्टर त्यांनी घेतले. प्रथम सर्वांच्या उपजत क्षमतांच्या चाचण्या झाल्या, म्हणजे एका गटात सगळे हुशार नि दुसऱ्यात सगळे मंद असे होऊ नये. मग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे आठ-आठांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे शिक्षण मिळाले. एका गटाने शिवाय मिस्ट-व्हीआरवर सराव केला. सराव किती? येथेच गॅलहर यांची खरी बुद्धी दिसते. त्यांनी 'दहा तास' किंवा 'वीस वेळा' असा आकडा ठरविला नाही. आधी अनुभवी सर्जनांना त्याच यंत्रावर बसविले, त्यांचे गुण मोजले, आणि ती पातळी हीच परीक्षा ठरविली. शिष्याचे दोन्ही हात लागोपाठ दोनदा त्या पातळीला पोहोचेपर्यंत त्याची सुटका नाही. कोणी लवकर पोहोचला, कोणी उशिरा. वेळापत्रक सर्वांचे निराळे. उंबरठा मात्र एक.

मग खरी शस्त्रक्रिया. यकृताला चिकटलेले पित्ताशय सोडविण्याचे काम प्रत्येकाने ज्येष्ठ सर्जनच्या देखरेखीखाली, खऱ्या रुग्णावर केले. शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठाला हा शिष्य कोणत्या गटातला, ते ठाऊक नव्हते. सर्वांचे चित्रीकरण झाले. पुढे दोन परीक्षकांनी, त्यांनाही गट माहीत नसताना, त्या फिती मिनिटामिनिटाला थांबवून पाहिल्या आणि आधीच व्याख्या करून ठेवलेल्या आठ प्रकारच्या चुका मोजल्या. 'हात चांगला आहे', 'जरा कच्चा वाटतो' अशी गुळमुळीत मते नकोत. हत्याराने पित्ताशय फाटले काय? यकृत खरचटले काय? हत्यार नजरेआड गेले काय? होय किंवा नाही.

निकाल असा लागला. यंत्रावर शिकलेल्यांनी काम शेकडा 29 ने लवकर संपविले. यंत्रावर न शिकलेले काम करता करता मध्येच अडकून राहण्याचा संभव नऊपट अधिक, आणि पित्ताशयाला इजा करण्याचा किंवा भलताच भाग भाजण्याचा संभव पाचपट अधिक आढळला. चुकांची सरासरी यंत्रवाल्यांमध्ये सहापट कमी होती. पडद्यावरील गोळे पेटीत टाकणाऱ्यांचा हात खऱ्या यकृतावर सुधारला होता.

आता थोडे थंड डोक्यानेही पाहू. सोळा म्हणजे फार थोडे, रुग्णालय एकच, आणि शस्त्रक्रियेचा एक भागच तपासला गेला. एवढ्यावरून जग बदलावे असे म्हणता येणार नाही. परंतु इतरत्रही लोक कामास लागले. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्त्रीरोगतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरांची तुलना झाली. सिम्युलेटरवर शिकलेल्या 11 जणांचे पहिल्या खऱ्या शस्त्रक्रियेतील कसब 20 ते 50 शस्त्रक्रिया केलेल्यांच्या तोडीचे ठरले; न शिकलेल्या 10 जणांचे पाचांहूनही कमी केलेल्यांएवढे. पहिल्या गटाला लागणारा वेळ साधारणतः 12 मिनिटे, दुसऱ्याला 24. भुलेखाली निजलेल्या स्त्रीच्या दृष्टीने त्या बारा मिनिटांची किंमत काय, ती आमच्या वाचक भगिनींनीच करावी.

2004 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मानेतील धमनीत स्टेंट बसविण्याच्या नव्या पद्धतीला परवानगी दिली, तेव्हा डॉक्टरांच्या प्रशिक्षणात सिम्युलेटरचा समावेश झाला. त्या धमनीतून मेंदूकडे रक्त जाते. तेथे सरावाची चूक म्हणजे पक्षाघात. गॅलहर यांनी त्या वर्षी लिहिलेल्या लेखात या निर्णयाचे महत्त्व सांगितले आहे.

परंतु आम्हांस त्यांचे सर्वांत पटले ते निराळेच आहे. यंत्रांचा व्यापार वाढला, चकचकीत पडदे आले, रक्त वाहू लागले, डोक्यावर चढवावयाचे चष्मे आले. तरी हा गृहस्थ एकच गोष्ट सांगत राहिला. यंत्र म्हणजे केवळ हत्यार; शिकवितो तो अभ्यासक्रम, आणि अभ्यासक्रमाला मापदंड नसेल तर महागडे यंत्रही खेळणेच. बेलफास्टनंतर त्यांनी अमेरिकेत, मग आयर्लंडमधील कॉर्क येथे काम केले. कॉर्कचे सर्जन जेरल्ड ओ'सलिवन यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ 2011 साली निघाला. कॉर्क येथील प्रसूती रुग्णालयात झालेला एक प्रयोग त्यांच्या म्हणण्याचा उत्तम पुरावा आहे. बाळंतपणाच्या वेदना थांबविण्यासाठी पाठीच्या कण्यात सुई घालून औषध देतात, ते शिकणाऱ्या डॉक्टरांचे दोन गट केले. दोघांनाही तेच यंत्र, तेच धडे. फरक इतकाच की एका गटाला ठरलेली पातळी गाठल्याशिवाय रुग्णाकडे जाऊ दिले नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: नुसते यंत्रावर शिकलेल्यांच्या हातून उपाय फसण्याचे प्रमाण शेकडा 28.7, आणि उंबरठा ओलांडून आलेल्यांचे शेकडा 13.1. यंत्र तेच होते. आपल्या रुग्णालयांचे चालक नवे यंत्र विकत घेतल्याचे समारंभ करतात, फिती कापतात. त्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लावावेत असे आम्हांस वाटते.

यामागे एक दुःखद पार्श्वभूमीही आहे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टॉल येथील रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूंचे प्रमाण अधिक होते, आणि ते वर्षानुवर्षे चालू राहिले. 2001 साली त्यावरील चौकशीचा अहवाल आला. नवीन शस्त्रक्रिया शिकत असताना रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागते, हे डॉक्टरांनी गृहीत धरले होते. आईबापांनी ते गृहीत धरले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आता आपल्या देशाकडे येऊ. इस्राएल या क्षेत्रात मागे नाही, उलट आघाडीवर आहे. 1997 साली स्थापन झालेल्या सिंबायोनिक्स या इस्राएली कंपनीने दुर्बिणीच्या तपासण्यांची व शस्त्रक्रियांची सिम्युलेटरे बनविली. पडद्यावर यकृत हलते, चूक केली तर रक्त येते, आणि हत्याराला आतील अवयवाचा विरोध हाताला जाणवतो. ही यंत्रे देशोदेशी गेली. कंपनी 2014 साली एका अमेरिकन उद्योगाने घेतली आणि 2021 साली ती स्वीडनमधील सर्जिकल सायन्सकडे गेली. लोद व रामले येथे राहणाऱ्या वाचकांनी विमानतळाकडे जाताना एअरपोर्ट सिटीच्या काचेच्या इमारती पुष्कळदा पाहिल्या असतील. हे काम तेथूनच चाले.

आणि तेल हशोमेर! शेबा वैद्यकीय केंद्रात 2001 साली वैद्यकीय अनुकरण-शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक प्रा. अमिताई झिव. हे बालरोगतज्ज्ञ, परंतु त्याआधी हवाई दलात लढाऊ विमानाचे वैमानिक. खोट्या विमानात बसल्यावाचून खरे विमान हाती मिळत नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. त्यांच्या केंद्रात यंत्रे आहेत, बोलणाऱ्या-श्वास घेणाऱ्या बाहुल्या आहेत, आणि रुग्णाचे सोंग घेणारे नटही आहेत. कारण वाईट बातमी सांगणे हेही डॉक्टरला शिकावे लागते. भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय परीक्षेत अशा खोट्या प्रसंगांचा उपयोग होऊ लागला. इतकेच नव्हे, तर 2004 पासून तेल अवीव विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेसाठी उमेदवार निवडताना, मुलगा गणितात किती हुशार एवढेच न पाहता माणसाशी कसा वागतो, हेही या केंद्रात तपासले जाऊ लागले. मुलांना डॉक्टर करू पाहणाऱ्या आपल्या समाजातील आईबापांनी हे ध्यानी घ्यावे.

2003 साली झिव यांनी बेर शेवाचे प्रा. शिमोन ग्लिक व इतर दोघांसह एक निबंध लिहिला. अशा प्रकारचे शिक्षण ही नैतिक बांधिलकी आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. रुग्णाला शक्य तितका उत्तम उपचार देणे, चुकांपासून त्याला वाचविणे, त्याच्या इच्छेचा मान राखणे आणि समाजात न्याय राखणे, असे चार दृष्टिकोण त्यांनी मांडले. चौथा वाचताना आम्हांस जे. जे.मधील ती दहा विद्यार्थ्यांनी वेढलेली खाट आठवली. शिकण्यासाठी माणसाचे शरीर लागणारच, शेवटी कोणी तरी पहिला रुग्ण असणारच. परंतु जे खोट्या पोटावर शिकता येते ते खऱ्या पोटावर शिकविले, तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा? आणि ते ओझे नेहमी त्याच लोकांवर का पडावे, ज्यांना संमतिपत्राची भाषा धड वाचता येत नाही? या देशात आल्यावर पहिली कित्येक वर्षे आपणही त्याच लोकांत होतो. दिमोना-येरुहामच्या दवाखान्यांत डॉक्टर काय बोलतो ते न समजता नुसती मान डोलावणारी आपली वडील मंडळी आम्ही पाहिली आहेत.

सगळेच छान आहे असे मात्र नाही. ही यंत्रे महाग आहेत. शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आता कायद्याने मर्यादित झाले आहेत, युरोपात आठवड्यास 48, आणि त्यातून यंत्रासमोर बसावयास वेळ काढणे कठीण. यंत्र कोपऱ्यात ठेवून 'वाटेल तेव्हा या' म्हटले तर फारसे कोणी फिरकत नाही, असाही अनुभव आहे. शिवाय यंत्रावर तरबेज झालेला हात शस्त्र केव्हा थांबवावे हे सांगत नाही. पित्ताशयाभोवती सूज इतकी असेल की काहीच ओळखू येत नसेल, तर दुर्बीण बाजूस ठेवून पोट उघडणारा सर्जन शहाणा. ते शहाणपण अजून तरी माणसाकडूनच शिकावे लागते.

तर आता आमची सही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आमच्या खाटेशी आल्या. वय आमच्या धाकटीहून कमी. त्यांनी सरळ सांगितले की उद्याच्या कामातील काही भाग त्या करतील, प्रोफेसर शेजारी उभे असतील, आणि आमची हरकत असल्यास तसे आत्ताच बोलावे. कोणी रागावणार नाही. आमच्या मंडळींनी कन्येमार्फत विचारले, "हिने हे आधी केलंय का?"

"माणसांवर अकरा वेळा," त्या म्हणाल्या. "यंत्रावर किती, ते मोजायचं सोडून दिलं. पास होईपर्यंत ते मला आत येऊच देत नव्हते."

"म्हणजे नापास होत होतीस?"

कन्येने हा प्रश्न भाषांतर करताना जरा मवाळ केला असावा. डॉक्टरीणबाई हसल्या. "पहिल्या आठवड्यात मी रोज कुणाचं तरी यकृत जाळत होते. एकदा तर पित्तवाहिनीच कापली. पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि प्रोफेसर मागे उभे होते. त्या रात्री मला झोप आली नाही."

आमच्या मंडळी काही वेळ त्यांच्या हातांकडे पाहात राहिल्या. मग पर्समधून स्वतःच पेन काढून त्यांनी आमच्यापुढे धरले.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. पोटावर चार बारीक खुणा आहेत. टाके काढावयास गेलो तेव्हा त्या डॉक्टरीणबाई पुन्हा भेटल्या, आणि आमचे पित्ताशय कितवे, हे आम्ही त्यांना विचारले. "तेरावं," त्या म्हणाल्या. त्या 1991 च्या हिशेबातील तेरा हा आकडा आम्हांस तेव्हाच आठवला. पण तो आम्ही त्यांना सांगितला नाही. मंडळींना सांगितला, तो घरी पोहोचल्यावर.